डाऊन सिंड्रोम : रिपोर्टमधल्या एका ओळीचा अर्थ



तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात पहिलीच्या प्रवेशासाठी एक आई आपल्या मुलीला घेऊन शाळेत आली. मुलगी गोल चेहऱ्याची, हसरी. आल्या आल्या डस्टर उचलून माझा फळा पुसायला लागली. (तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, आपण तिला चिमणी म्हणूया.) जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड असं सगळं दाखवून झाल्यावर आईने फाईलमधून घडी पडलेला एक कागद काढला. "बाई, हा पण लागतो का? मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा दिला होता. काय लिहिलंय ते कुणी नीट सांगितलंच नाही." मग जरा थांबून खाली बघत म्हणाली, "ग्रहणात माझ्या हातून विळीवर भेंडी चिरली गेली होती. सासूबाई म्हणतात, त्यानंच झालं."

कागदावर इंग्रजीत बरंच काही होतं. मधोमध एक ओळ ठळक होती : ४७, एक्सएक्स, +२१.

हे गुणसूत्रांचं काहीतरी आहे एवढं मला कळलं. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात 'डाऊन सिंड्रोम' हा शब्द पाठ केला होता, लक्षणं पाच मार्कांना लिहिली होती. पण समोर बसलेल्या बाईला मी काय सांगितलं? "असं काही नसतं हो, मनावर घेऊ नका." हे तर तिला आधी दहा जणांनी सांगितलेलं असणार. 'असं नसतं' म्हटलं की 'मग कसं असतं?' हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते नंतर शोधलं, डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. आजचा लेख त्या एका ओळीचा अर्थ सांगण्यासाठी आहे. तुमच्या वर्गात असं मूल आज नसेल, उद्या येईल. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, म्हणजे ही गोष्ट तितकीशी दुर्मीळ नाही.

४७ म्हणजे काय?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. गुणसूत्रांवर जनुकं असतात. शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं याच्या सूचना त्या जनुकांत असतात. एवढं आपण माध्यमिक शाळेत शिकलोय.

मी वर्गाच्या व्हरांड्यातल्या चपलांकडे बघून हे समजून घेतलं, तेच सांगते. समजा २३ जोड्या ओळीने मांडल्या आहेत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतली एकच चप्पल उचलायची असते. आईच्या बाजूने २३ सुट्या चपला, वडिलांच्या बाजूने २३, एकत्र आल्या की पुन्हा २३ जोड्या पूर्ण. या वाटणीला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. आता कधीतरी असं होतं की एकविसाव्या जोडीतल्या दोन्ही चपला एकमेकींना चिकटून राहतात आणि दोन्ही एकाच बाजूला जातात. अशा बीजांडात २३ ऐवजी २४ गुणसूत्रं येतात. त्यात वडिलांची २३ मिळाली की झाली ४७. एकविसाव्या जागी जोडीऐवजी तिघं. यालाच ट्रायसोमी २१ म्हणतात.

म्हणजे चिमणीच्या कागदावरची ओळ अशी वाचायची : एकूण गुणसूत्रं ४७, त्यात दोन 'एक्स' म्हणजे मुलगी, आणि २१ नंबरचं एक जास्त.

मला बरेच दिवस वाटायचं की ते जास्तीचं गुणसूत्र 'खराब' असतं. तसं नाही. ते चांगलं धडधाकट गुणसूत्र असतं, त्याच्यावरची जनुकंही इतरांसारखीच असतात. अडचण असते ती प्रमाणाची. आमटीत मीठ चांगलंच असतं, पण दोन चमच्यांच्या जागी तीन पडले तर चव बदलते. इथे दोनशेहून जास्त जनुकांचा तिसरा चमचा पडलेला असतो, आणि तोही गर्भ एका पेशीचा असल्यापासून. म्हणून मेंदू, हृदय, स्नायू, चेहऱ्याची ठेवण या सगळ्यांच्या घडणीत थोडाथोडा फरक पडतो.

दुसऱ्या नंबरचं किंवा सातव्या नंबरचं गुणसूत्र जास्त झालं तर? तसंही होतं, पण त्यांच्यावर जनुकं इतकी जास्त असतात की तो गर्भ बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच पडून जातो. एकविसावं सगळ्यात लहान, म्हणून ते जास्त झालं तरी मूल जन्मतं, वाढतं, शाळेत येऊन फळा पुसतं. आणि हो, गुणसूत्रांना नंबर मोठ्याकडून लहानाकडे दिले आहेत, त्या हिशोबाने सगळ्यात लहान बाविसावं असायला हवं होतं. सुरुवातीला मोजमापात चूक झाली, आणि चूक लक्षात आली तोवर २१ हे नाव रुळून गेलं होतं. त्याआधी तर माणसाला ४८ गुणसूत्रं असतात असंच कित्येक वर्षं पुस्तकांत छापत होते. ४६ हा आकडा नक्की झाला १९५६ मध्ये. पोरांच्या वहीवर लाल शाई फिरवताना मला हे आठवतं.

नाव कुठून आलं?

'डाऊन' म्हणजे खाली, कमी, असं अनेकांना वाटतं. तो इंग्रजी शब्द नव्हे, ते आडनाव आहे. जॉन लँग्डन डाऊन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांना मंगोल वंशाशी जोडलं, आणि तो चुकीचा शब्द शंभर वर्षं चालला. मराठी पुस्तकांतही 'मंगोलिकता' म्हणून तो आला. मंगोलिया देशाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये तो शब्द सोडला. आपणही सोडू.

कारण सापडलं ते १९५९ मध्ये पॅरिसला. या शोधाबरोबर जेरोम लेज्यून यांचं नाव घेतलं जातं. पण ज्या प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांतली गुणसूत्रं मोजता आली, ती उभी केली होती मार्थ गोतिये या तरुण डॉक्टर बाईंनी. शोधनिबंधावर त्यांचं नाव दुसरं आलं, आणि तेही चुकीचं छापलं गेलं. असो.

आता ग्रहणाचं बघू

बीजांडं मुलीच्या शरीरात ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागतात. गुणसूत्रांच्या वाटणीचं काम तेव्हाच सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबून राहतं. पुढे वयात आल्यावर दर महिन्याला एखादं बीजांड ते काम पुढे नेतं. म्हणजे एखादी बाई तिशीत आई झाली तर त्या जोड्या तीस वर्षं तशाच थांबून राहिलेल्या असतात. त्यांना धरून ठेवणारी पकड काळाबरोबर सैल होते आणि वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. म्हणून आईच्या वयाशी याचा संबंध आहे. विशीच्या सुरुवातीला साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक, अशी ही शक्यता सांगतात. तरीही डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांचीच असतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात. चिमणीची आई तेव्हा बावीस वर्षांची होती.

आता हिशोब लावा. वाटणीतली ही चूक गर्भ राहण्याच्या आधी, फार तर त्या दिवसांत झालेली असते. ग्रहण कधी लागलं? सातव्या महिन्यात. भेंडी चिरली तेव्हा बाळाच्या प्रत्येक पेशीत ४७ गुणसूत्रं होऊन सहा महिने उलटले होते. तेव्हा आईने काहीही केलं असतं किंवा टाळलं असतं, तरी त्यात फरक पडला नसता. पपई खाल्ली, जिना चढली, मनाला धक्का बसला, औषध चुकलं, नवसाला गेली नाही, यातलं काहीच कारण नाही. नात्यातल्या लग्नाने दुसरे काही आनुवंशिक आजार येण्याची शक्यता वाढते हे खरं, पण मामाच्या मुलाशी लग्न केलं म्हणून वाटणी चुकली, असं नसतं.

'चूक बीजांडात होते म्हणजे शेवटी आईकडूनच ना?' असं एका पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलं. जास्तीचं गुणसूत्र दहातल्या नऊ वेळा आईच्या बीजांडातून येतं हे बरोबर आहे. काही वेळा ते वडिलांच्या शुक्राणूतूनही येतं. पण आपल्या पेशीत गुणसूत्रं कशी वाटली जावीत हे कुणी ठरवतं का? आपले केस कोणत्या दिवशी पिकावेत हे तरी आपण ठरवतो का? 'कडून' आणि 'मुळे' यांतला फरक व्याकरणाच्या तासाला शिकवतो, तो इथेही लागू पडतो.

मग घराण्यात पुन्हा होईल का?

चिमणीच्या मावशीचं लग्न याच शंकेवरून एकदा मोडलं होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

डाऊन सिंड्रोमचे तीन प्रकार आहेत. शंभरातली सुमारे ९५ मुलं वर सांगितलेल्या प्रकारातली, म्हणजे सुटं जास्तीचं २१. हे घराण्यात चालत येत नाही. त्याच आईबापांना पुढच्या वेळी असं मूल होण्याची शक्यता साधारण शंभरात एक असते, आईचं वय जास्त असेल तर वयाप्रमाणे त्याहून जास्त. मावशी, काका, आत्या यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांची शक्यता चारचौघांइतकीच.

तीन-चार मुलांत जास्तीचं २१ सुटं नसून दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. याला स्थानांतरण म्हणतात. गंमत अशी की मोजले तर आकडा ४६च येतो, पण आत तिसऱ्या २१ चा ऐवज असतोच. या प्रकारात कधीकधी आई किंवा वडील स्वतः पूर्ण निरोगी असूनही वाहक असतात, आणि मग पुढच्या बाळालाही तसं होण्याची शक्यता बरीच जास्त असते. तेव्हा आईवडिलांनी आणि गरजेप्रमाणे त्यांच्या भावंडांनीही रक्ततपासणी करून घ्यावी लागते. उरलेली एक-दोन मुलं मिश्र प्रकारची, त्यांच्या काही पेशींत ४६ तर काहींत ४७ गुणसूत्रं असतात. याला मोझाईक म्हणतात.

म्हणून पालकहो, तो रिपोर्ट जपून ठेवा. त्याला कॅरिओटाईप म्हणतात. नुसत्या चेहऱ्यावरून डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि ही तपासणी झालीच नसेल, तर करून घ्या. मुलावरचे उपचार तिने बदलत नाहीत, पण घरातल्या पुढच्या निर्णयांना तिचा आधार मिळतो. चिमणीच्या कागदावर ४७ होतं, म्हणजे पहिला प्रकार. मावशीला काळजीचं कारण कधी नव्हतंच. हे वाक्य जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात कुणी त्या घरात बसून सांगितलं असतं तर!

वर्गात आल्यावर

आता माझी चूक सांगते. पहिल्या सत्रात चिमणी माझ्या वहीत 'हट्टी' होती. हाक मारली तर बघायची नाही, 'पुस्तक उघड' म्हटलं तर पाटी काढायची, गोष्ट चालू असताना उठून खिडकीत जायची. मी तिला मागच्या बाकावर मोठ्या मुलीशेजारी बसवलं, कारण ती मुलगी तिला सांभाळायची. दिवाळीनंतर शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं. त्यांच्या डॉक्टरांनी कान बघून तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं. तिला मी अर्धवटच ऐकू येत होते. पाच महिने मी एका कमी ऐकू येणाऱ्या मुलीला मागच्या बाकावर बसवून हट्टी म्हणत होते.

'ही मुलं अशीच असतात' हे वाक्य त्यामुळे फार घातक आहे. डाऊन सिंड्रोमला औषध नाही, ते जास्तीचं गुणसूत्र काढून टाकता येत नाही. पण त्याच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच अडचणींवर उपचार आहेत, आणि त्या अडचणी 'मतिमंदपणा'च्या नावाखाली दडून राहतात. निम्म्याहून अधिक मुलांना ऐकण्याची काही ना काही अडचण असते. डोळ्यांचंही तसंच, चष्मा पुष्कळांना लागतो. थायरॉईड कमी असेल तर मूल सुस्तावतं, वजन वाढतं, शिकणं मंदावतं. आपण म्हणतो आळशी आहे. दरवर्षी रक्त तपासलं आणि साधी गोळी सुरू झाली की फरक दिसतो. रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मग दिवसा वर्गात डुलकी, हेही नेहमीचं. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून जन्मल्यावर लगेच हृदयाची सोनोग्राफी व्हायलाच हवी.

खेळाच्या तासाबद्दल एक सांगायलाच हवं. काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं असले प्रकार करून घेऊ नका. मूल अचानक अडखळत चालू लागलं, मान वाकडी धरू लागलं, किंवा नीट जाणारं मूल पुन्हा कपड्यात लघवी करू लागलं, तर 'लाडात आलंय' म्हणू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा. बाकी धावणं, नाचणं, चेंडू, लगोरी सगळं होऊ द्या.

शिकण्याचं म्हणाल तर या मुलांची बुद्धी एका साच्याची नसते. बहुतेकांची अक्षमता सौम्य ते मध्यम असते. एक गोष्ट मात्र पुष्कळ मुलांत दिसते : डोळ्यांनी पाहिलेलं लक्षात राहतं, कानांनी ऐकलेलं निसटतं. 'दप्तर ठेव, हात धू आणि रांगेत उभी राहा' या तीन सूचनांतली पहिली किंवा शेवटची तेवढी राहते. तीन चित्रं लावली तर तिन्ही होतात. आणि बोलता येतं त्यापेक्षा समजत पुष्कळ जास्त असतं. तोंडाची पोकळी लहान, जिभेचे आणि ओठांचे स्नायू ढिले, त्यामुळे उच्चार अस्पष्ट. ते ऐकून आपण मुलाच्या समजेचा अंदाज बांधतो आणि तो हमखास कमी पडतो.

इंग्लंडमध्ये स्यू बकली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० पासून यावर काम केलं. त्यांना एका वडिलांनी कळवलं होतं की माझी डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी लहानपणीच शब्दपट्ट्यांवरून वाचायला शिकली आणि वाचनातून तिचं बोलणं सुधारलं. आपण उलटं समजतो, आधी बोलू दे मग वाचायला शिकवू. मी चिमणीसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे जाड स्केचपेनने शब्द लिहिले. सुटी अक्षरं नाहीत, जोडाक्षरं नाहीत. आई, बाबा, डबा, पाणी, मनी (त्यांची मांजर). आधी जोडी लावायची, मग मागितला तो शब्द उचलून द्यायचा, मग वाचायचा. 'डबा' उचलायला तीन आठवडे लागले. 'मनी' दुसऱ्याच दिवशी. पहिलीच्या शेवटी तिला सोळा शब्द ओळखता येत होते. बाराखडी अजून येत नाही. आकड्यांत ती दहापर्यंत आहे आणि तिथे बराच काळ राहील असं वाटतं.

जुन्या पुस्तकांत 'ही मुलं सोळा ते वीस वर्षं जगतात' असं वाचलेलं असेल तर ते विसरा. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि वेळेवरचे उपचार मिळतात तिथे सरासरी आयुष्य साठ वर्षांच्या आसपास गेलं आहे. म्हणजे आपण पहिलीत ज्या मुलाला बटण लावायला, पैसे ओळखायला, नाव सांगायला शिकवतो, त्याला ते पुढची पन्नास वर्षं लागणार आहे.

पालकांसाठी शेवटी कामाचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार डाऊन सिंड्रोमच्या मुलांना बौद्धिक अक्षमतेच्या गटात प्रमाणपत्र मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. कोणतीही सरकारी वा अनुदानित शाळा 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवू शकत नाही. यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. शिक्षकांनी गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावं. ते येतात, फक्त आपण पत्र द्यावं लागतं.

आणि चिमणीच्या आजी. गेल्या वर्षी त्या तिला घ्यायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना व्हरांड्यातच बसवलं आणि चपलांच्या जोड्या मांडून दाखवल्या. शेवटपर्यंत शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भेंडीचं काही नव्हतं?" मी म्हटलं, "नाही आजी, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं." त्या काही बोलल्या नाहीत. चिमणीने मांडलेल्या चपलांतून स्वतःच्या शोधल्या, उलट्या पायात घातल्या, आणि आजी वाकून त्या सरळ करत बसल्या.